मोठ्या घरांतील लहानग्यांचीं दुखणीं

ठाणें शहरांतील टेंभी नाका हा एक गजबजलेला चौक. त्याच्या आसपास, हांकेच्या अंतरावर, पारशांची अग्यारी आहे. बेने इस्रायल समाजानें सन १८७९ मध्यें बांधलेलें ‘शाअर हाशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गाचें द्वार’, हें प्रार्थनामंदिर आहे. ख्रिस्ती मंडळींचीं देवळें फार दूर नाहींत. आणि थोडें पुढें गेलें, कीं मासुंद्याच्या कांठीं कौपिनेश्वराचें शिवालय लागतें. या सर्वांच्या शेजारीं जिल्ह्याचें सरकारी रुग्णालय अनेक दशकें उभें होतें. विठ्ठल सायन्ना हें नांव त्याला मिळालेलें असलें, तरी लोकांच्या तोंडीं तें ‘सिव्हिल’ म्हणूनच राहिलें. जुन्या इमारतींच्या जागीं मोठें रुग्णालय उभारण्याचें काम अलीकडच्या काळांत हातीं घेण्यांत आलें, तरीहि हें बोलण्यांतलें नांव बदललेलें नाहीं.

तापानें फणफणलेलें मूल कडेवर घेऊन या नाक्यावर येणाऱ्या आईला या साऱ्याच ठिकाणांचा आधार वाटे, आणि तिनें त्यांपैकीं कोणाचा अव्हेर केला असेल असें वाटत नाहीं. बेने इस्रायल घरांत मूल दुखण्यांतून उठलें, कीं एलियाहू हन्नाबीच्या नांवानें ‘मलिदा’ करीत. पोहे, ओलें खोबरें, साखर आणि फळें यांचें तें ताट. शेजारच्या हिंदु घरांतून सटवाईचा किंवा शीतळादेवीचा नवस फेडला जाई. पारशी घरांतून अग्यारींत चंदन जाई, ख्रिस्ती घरांतून देवळांत मेणबत्ती. देव निरनिराळे, भाषाहि कांहीं ठिकाणीं निराळी; मागणें मात्र सगळीकडे तेंच असे, कीं एवढें एक मूल राहूं दे.

या मागण्यामागची भीति किती खरी होती, हें आतां सहज ध्यानांत येत नाहीं. सन १९११ ते १९२१ या दशकांत हिंदुस्थानांतील माणसाचें सरासरी आयुर्मान अवघें वीस वर्षांच्या आसपास होतें. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें तें खालीं ओढलें, हें खरें. परंतु त्यापूर्वींचीं दशकेंहि फारशीं बरीं नव्हतीं. याचा अर्थ माणसें विसाव्या वर्षीं मरत असा मात्र नव्हे. पंचाहत्तरीचे आजोबा आळींत पुष्कळ असत. सरासरी खालीं येई ती पाळण्यांतल्या आणि रांगत्या मुलांमुळें. ज्या आजोबांच्या दीर्घायुष्याचें कौतुक होई, त्यांच्या पाठच्या आणि पुढच्या भावंडांचीं नांवें कोणी घेत नसे.

ठाणें, कल्याण, वसई या बाजूच्या जुन्या घरांतून तीन-चार भाऊ, त्यांच्या बायका, एखादी विधवा आत्या, म्हातारी आजी आणि दहा-पंधरा मुलें एका छपराखालीं नांदत. अशा घरांत आजारपण एकट्या मुलाचें कधींच नसे. थोरल्याच्या मुलाला डांग्या खोकला झाला, कीं आठवडाभरांत धाकट्याचें तान्हें खोकूं लागे. एक गोवर उठला कीं सगळीं पोरें ओळीनें अंथरुणावर. ‘एकदां होऊन गेलेला बरा’ म्हणून आजारी मुलाशेजारींच इतरांना निजविण्याची चालहि कित्येक घरांत होती. आधुनिक संशोधनानें या समजुतीला जबर धक्का दिला आहे. पश्चिम आफ्रिकेंतील गिनी-बिसाऊ या देशांत डेन्मार्कचे संशोधक पीटर आबी यांनीं १९७९ सालच्या गोवराच्या साथीचा अभ्यास केला. घरांत ज्याला प्रथम गोवर येतो, त्याच्यापेक्षां त्याच्याच खोलींत झोपून, त्याच्याकडून गोवर घेणाऱ्या पाठच्या भावंडाला मरणाचा धोका पुष्कळ अधिक असतो, असें त्यांना आढळलें. दाटीच्या घरांत विषाची मात्रा अधिक मिळते. मोठ्या कुटुंबाच्या माजघरांत पिढ्यानपिढ्या हेंच घडत आलें होतें. तें मोजणारें मात्र कोणी नव्हतें.

पण मोठ्या घराची दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास अपुरा राहील. जागरणाला माणसें लागतात, आणि तीं या घरांत होतीं. एक सून काढा उकळी, दुसरी कपाळावर पाण्याच्या घड्या बदली, आत्या मांडी देऊन बसे, आणि अकरा-बारा वर्षांची थोरली बहीण उरलेल्या पोरांना घेऊन परसांत जाई. तिचें बालपण असें दुसऱ्यांच्या आजारपणांत सरे, याची नोंद कोणत्याहि बखरींत नाहीं. आजीच्या बटव्यांत बाळगुटीचें साहित्य असे: हळकुंड, वेखंड, मुरडशिंग, मायफळ, जायफळ, अतिविष, सागरगोटा, बाळहिरडा, ज्येष्ठमध. सहाणेवर प्रत्येकाचे किती वळसे उगाळावयाचे, हें मुलाच्या वयावरून आणि पोटाच्या तक्रारीवरून ठरे. ही विद्या कागदावर नव्हती. ती बोटांत होती, आणि सासूच्या बोटांतून सुनेच्या बोटांत जाई.

यांतलें सगळेंच निरुपद्रवी नव्हतें. पोट फुगलें म्हणून तापविलेल्या सुईचा डाग देणें, बिब्ब्याचें तेल लावून कातडी भाजणें, हे उपाय मुलाच्या दुखण्यांत आणखी एका दुखण्याची भर घालीत. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना दिवसभर झोपवून ठेवण्यासाठीं अफू घातलेली ‘बाळागोळी’ देत. त्यांच्या माथीं निष्काळजीपणाचा दोष मारणें सोपें आहे. ज्या घरांत मूल पाहायला दुसरें माणूसच उरलेलें नव्हतें, तेथें ही गोळी आजीच्या जागीं आली होती. गांवांतलें मोठें कुटुंब मोडून शहराच्या एका खोलींत आलेल्या संसाराची ती किंमत होती.

अपघातांविषयीं फारसें लिहिलेलें सांपडत नाहीं, कारण अपघात हा ‘आजार’ मानला जात नसे. विळीवर हात कापला तर हळद दाबून भरावयाची. चुलीजवळ भाजलें तर कोरफडीचा गर. जिन्यावरून पडून हात मोडला तर हाडवैद्याला बोलवावयाचें, आणि तो बांबूच्या कामट्या लावून हात बांधी. पुष्कळदां हाड नीट जुळे, कधीं वांकडें जुळे, आणि त्या मुलाला जन्माचें टोपणनांव मिळे. परसांतली उघडी विहीर आणि न्हाणींतला कढत पाण्याचा हंडा हे घरांतले खरे वैरी. कोंकणपट्टींत त्यांत विंचवाची भर. लाल विंचू चावला, कीं मोठें माणूस रात्रभर तळमळून वांचे, मूल मात्र सकाळपर्यंत टिकेल याचा भरंवसा नसे. मंत्र घालणारा मांत्रिक गांवोगांव होता. औषध मात्र कोणाकडेच नव्हतें. तें सांपडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रक्तदाबावर वापरलें जाणारें ‘प्राझोसिन’ हें औषध या विषबाधेवर देऊन कोंकणांतल्या असंख्य मुलांचे प्राण वांचविले. रायगड जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं झालेलें हें काम पुढें जगभरच्या वैद्यकांत मान्य झालें.

मोठ्या घराला सर्वांत मोठा पेंच पडे तो मूल जन्मल्यावर पहिल्या दहा दिवसांत. पांचवी आणि सहावी पुजण्याची चाल महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. सहाव्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचें भाग्य लिहिते, अशी श्रद्धा. त्या रात्रीं दिवा विझूं द्यावयाचा नाहीं, आई-मुलाला एकटें ठेवावयाचें नाहीं, दाराशीं कोणी तरी जागत बसावयाचें. नेमके हेच दिवस कां, याचा विचार करतां एक गोष्ट पुढें येते. विळ्यानें किंवा कोयत्यानें नाळ कापणें, जखमेवर राख किंवा शेण लावणें, यांमुळें नवजात बाळाला धनुर्वात होई. आणि तो बहुधा जन्मापासून आठवडाभराच्या आंत प्रकट होतो. धडधाकट जन्मलेलें, दूध पिणारें मूल एकाएकीं तोंड मिटून घेई, अंग ताठ करी आणि एक-दोन दिवसांत जाई. युरोपांतहि या रोगाला कित्येक ठिकाणीं दिवसांच्या आंकड्यावरून नांव पडलें होतें. सटवाईची चाल धनुर्वातामुळेंच पडली असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या बायकांनीं ती रात्र जागून काढण्याचा नेम घातला, त्यांना धोक्याची वेळ अचूक ठाऊक होती, हें निश्चित. कारण ठाऊक नव्हतें, एवढेंच. भारतांतून मातांचा व नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं मान्य केलें. गर्भवतीला दिलेल्या लशीनें आणि स्वच्छ पात्यानें तें घडविलें.

मुलें वांचत नाहींत म्हणून काय काय केलें जाई, याची साक्ष आपल्या नांवांतून सांपडते. पाठोपाठ मुलें गेलीं, कीं पुढच्या मुलाला दृष्ट लागूं नये, मृत्यूलाहि तें नकोसें वाटावें, म्हणून त्याचें नांव धोंडू, दगडू, केरू, भिकू असें ठेवीत. मुलाचें नाक टोचून त्याला मुलीसारखी नथ घालीत, आणि तो नथू होई. जन्मतांच मूल केरांत ठेवून उचलीत, किंवा शेजारणीला ‘विकून’ मूठभर धान्याला परत विकत घेत. आजच्या नागर कुटुंबांत पणजोबांच्या अशा नांवाला हंसण्याची रीत आहे. पण प्रत्येक धोंडोपंताच्या आधीं दोन-तीन मुलें गेलेलीं असत, आणि तें नांव त्यांच्या मरणाचा दाखला होता. तीं किती व कोणतीं, हें बहुधा एकट्या आईलाच ठाऊक असे. वंशावळींत त्यांना जागा नव्हती. वंशावळ लिहिणारे जगलेल्या मुलग्यांचींच नांवें लिहीत.

देवीच्या दुखण्यांत तर सबंध घराचें रूप पालटून जाई. अंगावर फोड दिसतांच ‘देवी आली’ म्हणावयाचें. ‘रोग’ हा शब्दहि उच्चारावयाचा नाहीं. दाराला कडुलिंबाचे डहाळे, फोडणी बंद, तळण बंद, घरांत भांडण नाहीं, मोठ्यानें बोलणें नाहीं. पाहुणा दारांतूनच परत जाई. अंथरुणावरचें मूल म्हणजे प्रत्यक्ष देवीचें ठाणें. ज्या मुलाला एरवीं कोणी विचारीत नसे, त्याच्यापुढें घरचा कर्ता पुरुष हात जोडून उभा राही. या आचारांत शहाणपण नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. पाहुणे थांबले म्हणजे साथीची वाट कांहीं अंशीं थांबे, आणि मुलाला थंडावा, शांतता व सेवा मिळे. परंतु त्याच घरांतलीं दहा मुलें त्याच माजघरांत राहत, आणि देवी एकामागून एक सर्वांकडे जाई. वांचलेल्यांपैकीं कांहींचे डोळे जात.

यावरचा उपाय मुंबईला फार लौकर पोंचला होता. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईंत देवीची लस टोंचण्यांत आली. बगदाद-बसऱ्याच्या मार्गानें आलेली ती लस हिंदुस्थानांत यशस्वीपणें लागलेली पहिलीच. त्या काळीं लस बाटलींत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावरचा फोड पिकला, कीं त्यांतील द्रव दुसऱ्याच्या दंडावर घालावयाचा, त्याच्यावरून तिसऱ्याच्या. अशी ही सांखळी मुलांच्याच अंगावरून गांवोगांव पुढें जाई. या सांखळीपुढें जातिभेद येऊन उभा राहिला. आपल्या मुलाच्या अंगांत कोणाच्या मुलाचा द्रव जाणार, हा प्रश्न वाड्यांतल्या वडीलधाऱ्यांना देवीपेक्षांहि भयंकर वाटे. शिवाय, जिच्या दंडावरून द्रव काढावयाचा, तिचें मूल पुन्हां दुखवावयाचें म्हणून ती आईहि मूल लपवी. पुढें वासरांच्या अंगावर लस तयार होऊं लागली, तेव्हां हा तंटा मिटला. पण सन १८७७ च्या मुंबई इलाख्यांतील लसीकरणाच्या कायद्यानंतरहि टोंचणारा दिसला, कीं मुलें माळ्यावर चढविण्याचे प्रकार चालूच राहिले.

आतां कल्याणकडे वळावयाचें. ठाण्याची आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. मुंबईचीं नवीं रुग्णालयें, ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडणारे नवे डॉक्टर, हें सारें कल्याणच्या वाड्यांपासून कांहीं तासांच्या अंतरावर आलें. पण अंतर केवळ मैलांचें नव्हतें. कल्याणच्या जोशी घराण्यांत ३१ मार्च १८६५ रोजीं जन्मलेल्या यमुनेची कथा येथें आठवते. एकेकाळचें खातेंपितें आणि पुढें ओढग्रस्तीला लागलेलें तें घर. नवव्या वर्षीं यमुनेचें लग्न पोस्टखात्यांत नोकरी करणाऱ्या, तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठ्या गोपाळराव जोशांशीं झालें, आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

त्या बाळाला काय झालें होतें, याचें निदान इतक्या वर्षांनंतर करणें योग्य नव्हे. परंतु त्या मरणाचा जो अर्थ आनंदीबाईंनीं लावला, तो त्यांच्या काळाच्या पुढचा होता. घरांत माणसें कमी नव्हतीं, माया कमी नव्हती, नवसहि कमी नसतील. उणीव होती ती जाणत्या वैद्यकाची. आणि वैद्यक असतें, तरी तें पुरुषाच्या हातीं असल्यामुळें बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशींच थांबलें असतें. त्या काळच्या मोठ्या घराचें सारें व्यंग येथें उघडें पडतें. मुलाचें दुखणें काढणाऱ्या बायका, आणि डॉक्टर बोलवावयाचा कीं नाहीं हें ठरविणारे पुरुष. आईला तर त्या ठरावांत मतच नसे. तेरा-चौदा वर्षांची आई सासूपुढें बोलणार तरी काय? आणि मूल गेलें, कीं ‘पायगुण’ मात्र तिचा.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत अठराव्या वर्षाच्या आनंदीबाईंनीं भर सभेंत सांगितलें, कीं हिंदुस्थानाला स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे, आणि आपण त्या विद्येसाठीं अमेरिकेला जाणार आहों. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून निघाल्या. न्यू जर्सींतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं, केवळ पत्रव्यवहारांतून जडलेल्या स्नेहावर, त्यांना आपल्या घरीं मुलीसारखें ठेवून घेतलें. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयानें त्यांना पदवी दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या त्या मुलाचा उल्लेख प्रबंधांत असण्याचें कारण नव्हतें. विषय मात्र त्याच खोलीचा होता. कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली होती. क्षयानें पोखरलेल्या देहानें त्या परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. बाविसावें वर्ष पुरें व्हायला महिना राहिला होता.

त्याच सुमारास इकडे मुंबईंत दुसरें दार उघडत होतें. १८८५ मध्यें लेडी डफरिन यांच्या नांवाचा निधि निघाला; १८८६ मध्यें केवळ स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा रुग्णालय सुरू झालें, आणि तेथें डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्या विलायतेहून आलेल्या बाई डॉक्टर होत्या. मुंबईच्याच डॉ. रखमाबाई १८९४ मध्यें लंडनहून शिक्षण पुरें करून आल्या आणि सुरतेला त्यांनीं दीर्घकाळ काम केलें. उंबऱ्याच्या आंत जाणारा डॉक्टर आतां मिळूं लागला. तो कोणाच्या उंबऱ्याच्या आंत जाई, हा मात्र निराळा प्रश्न होता.

सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरचा इतिहास या ठिकाणीं बाजूला ठेवतां येत नाहीं. रामजी आणि भीमाबाई यांना चौदा मुलें झालीं. त्यांतलीं मोठीं झालीं तीं पांच. तिघे मुलगे आणि दोन मुली. चौदावें अपत्य म्हणजे भीमराव. भीमाबाई मुलें लहान असतांनाच वारल्या, आणि घराचा भार आत्या मीराबाई यांच्यावर पडला. पाठीला बांक असलेली ही ठेंगणी बाई त्या पोरक्या मुलांची आई झाली. भीमरावांच्या स्वतःच्या संसारांतहि तोच क्रम पुन्हां आला. रमाबाईंच्या पांच मुलांपैकीं गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न हीं चौघें गेलीं. राजरत्न गेला तो १९२६ सालीं. उरला एकटा यशवंत. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेल्या बापालाहि तीं वांचवितां आलीं नाहींत.

आणि ज्या घरांना डॉक्टर परवडे त्यांनाहि तो मिळेच असें नाहीं. १९२९ सालच्या डिसेंबरांत काठेवाडांतील एका अस्पृश्य शिक्षकाचें पत्र गांधींच्या ‘यंग इंडिया’ पत्रांत छापलें गेलें. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनीं आजारी पडली. हिंदु डॉक्टर वस्तींत येईना. नगरशेठाची रदबदली आणि दोन रुपये फी ठरल्यावर तो आला तो एका अटीवर, कीं रोग्याला वस्तीबाहेर आणावें. तान्ह्या मुलासह बाईला बाहेर आणलें. डॉक्टरनें थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातीं दिलें, त्यानें नवऱ्याच्या, नवऱ्यानें बायकोच्या. तें त्याच क्रमानें परत आलें. तपासणी झाली ती एवढीच, आणि बाई गेली. आंबेडकरांनीं ही हकीकत आपल्या आठवणींच्या टिपणांत मुद्दाम उतरून ठेविली आहे. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचें बिल आलें, तेव्हां त्याला त्यांनीं जोरदार पाठिंबा दिला. त्याचा कायदा पुढच्या वर्षीं झाला. १९३८ च्या नोव्हेंबरांत संततिनियमनाचा प्रचार सरकारनें करावा, असा ठराव त्यांच्या पक्षातर्फे श्री. रोहम यांनीं मांडला. तो पडला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ पासून हेंच सांगितलें होतें आणि त्यापायीं निंदा व खटले सोसले होते. चौदा वेळां बाळंत होणें आणि नऊ वेळां मूल पुरणें, या दोन गोष्टी एकाच दुःखाच्या आहेत, हें पटायला समाजाला आणखी एक पिढी लागली.

प्लेगचें प्रकरण स्वतंत्र विषयाचें आहे. १८९६ मध्यें तो मुंबईंत शिरला, आणि आगगाडीच्या मार्गानें पसरूं नये म्हणून कल्याण स्थानकावर उतारूंची तपासणी सुरू झाली. हाफकीन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मोठ्या घरांना प्लेगनें एक निराळाच धडा दिला: घर सोडून झोंपड्यांत राहावयाला जातांना कुटुंबाचे तुकडे करावे लागत, आणि हे तुकडे पुष्कळदां पुन्हां सांधले जात नसत. लोकमान्य टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्यें याच रोगानें गेला. वाडा मोठा असो, माणूस मोठा असो, उपयोग नव्हता.

केवळ मुलांसाठीं रुग्णालय ही कल्पना आपल्याकडे उशीरा रुजली. परळचें बाई जेरबाई वाडिया मुलांचें रुग्णालय १९२९ चें. ठाणें-कल्याणच्या आयांना परळ हें आगगाडीनें गांठतां येण्याजोगें होतें, आणि टेंभी नाक्यावरून हात टेंकलेला रोगी तिकडे जाई. देवीचा शेवट झाला तो आणखी पुष्कळ वर्षांनीं. भारतांतला अखेरचा रोगी १९७५ च्या मे महिन्यांत सांपडला, आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेनें ती पृथ्वीवरून गेल्याचें जाहीर केलें. ज्या दुखण्याला नांवानें हांक मारण्याची सोय नव्हती, तें नाहींसें झालें. पोलिओचा भारतांतला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा.

परंतु माजघराच्या दृष्टीनें सर्वांत मोठा पालट ज्या उपायानें झाला, त्याला ना सुई लागते ना डॉक्टर. जुलाब-वांत्या होणाऱ्या मुलाचें पाणी तोडावयाचें, हा मोठ्या घरांतला जुना दंडक. पाणी दिलें कीं जुलाब वाढतात, असें वडीलधारीं माणसें म्हणत, आणि मूल ओठ चाटीत, डोळे खोल गेलेलें, पाण्याच्या भांड्याकडे पाहत पडे. चोरून चमचाभर पाणी पाजणारी आई घरांत अपराधी ठरे. १९७१ सालीं बांगला देशच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी उसळली, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपलें. डॉ. दिलीप महालनोबिस यांनीं मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यांत मिसळून पिंपेंच्या पिंपें भरलीं, आणि तें पाणी पाजण्याचें काम रोग्यांच्या आयांवर व नातेवाइकांवर सोंपविलें. दहांपैकीं तीन रोगी दगावत होते, तेथें मरणाचें प्रमाण शेंकडा चाराच्या खालीं आलें. पुढें हीच पुडी सरकारी दवाखान्यांतून फुकट वांटली जाऊं लागली, आणि पुडी नसेल तेव्हां उकळून गार केलेल्या पाण्यांत मीठ-साखर घालून थोडें थोडें पाजीत राहा, असें आरोग्यसेविका घरोघर सांगूं लागल्या. चुलीजवळच्या त्या दोन डब्यांना हात लावावयाला आईला कोणाची परवानगी लागत नव्हती.